नुसतं लोटून घे

परवा दुपारी माळ्याच्या दारासाठी कडी घ्यायला बोहरी आळीत गेले. दुकानातल्या मुलाने काउंटरवर ओळीने वस्तू मांडल्या. टॉवर बोल्ट, आल्ड्रॉप, साखळी, हूक आणि एक चपटी पितळी खिट्टी. "यातली कुठली कडी, मॅडम?" मी बघत राहिले. यात कडी एकही नव्हती, आणि म्हटलं तर सगळ्या कड्याच होत्या. शेवटी सहा इंची टॉवर बोल्ट घेतला. स्क्रूचे पैसे वेगळे, हे ऐकून नेहमीसारखी मनातल्या मनात चरफडले.

माझ्या लेखी कडी एकच. शनिवार पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्यांच्या दाराला होती ती. दाराच्या वरच्या अंगाला ठोकलेली, जाड लोखंडी दुव्यांची, आणि चौकटीच्या माथ्यावर कोयंडा. कडी उचलून कोयंड्यात अडकवायची, गावाला जायचं असेल तर कोयंड्यात कुलूप घालायचं. पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर हे सगळं. कडी काढली की ती सुटून दारावर आपटायची, झोके घ्यायची, आणि असे झोके घेऊन घेऊन तिने दाराच्या रंगावर एक अर्धा गोल कोरून ठेवला होता. दिवाळीला वडील दार रंगवायचे. संक्रांतीपर्यंत गोल परत हजर.

अडसराची गंमत वेगळी. तो वाड्याच्या मोठ्या दरवाजाला होता. म्हणजे दरवाजाला नव्हताच, भिंतीत होता. जाड भिंतीत चौकोनी पोकळी, तिच्यात दिवसभर सागवानी वासा गडप. रात्री वाड्याचे मालक, अण्णा, टोकाची कडी धरून तो बाहेर ओढायचे, दारांच्या पाठीमागून आडवा न्यायचे आणि पलीकडच्या भिंतीतल्या खोबणीत रुतवायचे. किल्ल्यांच्या दरवाजांमागे भिंतीत समोरासमोर भोकं दिसतात ती याचीच. दारं जातात, लाकूड कुजतं, भोकं राहतात. आमचा अडसर हात लागून लागून मधोमध काळा, गुळगुळीत झाला होता. एकदा कुणीतरी त्या पोकळीत गोट्या टाकल्या. सकाळी अडसर पूर्ण आत जाईना, चार बोटं बाहेरच. अण्णांनी वाड्यातली सगळी पोरं ओट्यावर उभी केली. कुणी कबूल झालं नाही. वाडा पाडेपर्यंत तो तसाच राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कोपराला लागत राहिला. गोट्या माझ्या भावाच्या होत्या असा माझा दाट संशय आहे. तो आता बँकेतून निवृत्त झालाय, आणि अजूनही कानावर हात ठेवतो.

त्या वाड्यात दार नुसतं उघडं किंवा बंद नसे. सताड उघडं, किलकिलं, लोटलेलं, ओढून घेतलेलं, कडी लावलेलं, आणि मग कुलूप. (कुलूप लावतात. रागावून गेलं की ठोकतात.) दुपारी लोटलेलं दार म्हणजे आतली माणसं आडवी झालीत, पण वाटीभर साखर हवी असेल तर या. कडी लावलेली म्हणजे वेणीफणी, साडी बदलणं नाहीतर नवराबायकोचं भांडण, नंतर या. शेजारच्या काकू एका बोटाने दार ढकलून बघायच्या. हललं तर आत, नाही हललं तर आल्या पावली परत. कुणाला काही विचारायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही. "नुसतं लोटून घे गं," असं आई आतून ओरडायची, त्यात केवढा मजकूर असायचा.

लॅच आला आणि हे सगळं बुडालं. लॅचचं दार लोटता येत नाही. वारा आला की खाटकन लागतं आणि माणूस ओल्या कचऱ्याची बादली घेऊन, गाऊनवर, जिन्यात उभा. कडी कुणीतरी लावावी लागते, लावणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. लॅचच्या पोटात काही नाही. आला गेला सगळ्यांना सारखाच बाहेर ठेवतो, घरमालकासकट. सोसायटीत दर महिन्याला कुणी ना कुणी चावीवाल्याची वाट बघत पायरीवर बसलेलं असतं, तरी 'सेफ' म्हणून त्याचं कौतुक आहेच.

खरं सेफ्टीचं नाव शोभतं ते पिनेला. टाचणीला नव्हे, टाचणी फक्त टोचते, फायलीतल्या कागदावर गंजाचा डाग ठेवते आणि वेळप्रसंगी बोटातून रक्त काढते. सेफ्टीपिनेचं पेटंट १८४९ साली अमेरिकेतल्या वॉल्टर हंटने घेतलं आणि उधारी फेडायला ४०० डॉलरला विकून टाकलं. तारेला एका टोकाशी वेटोळं दिलं की स्प्रिंग झाली, दुसऱ्या टोकाला घर केलं की अणी लपली. संपलं. गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्यात कुणाला फारसं काही सुधारता आलेलं नाही. तुळशीबागेत मोठ्या पिनेत लहान पिना ओवलेला जुडगा मिळतो, तो मी गरज नसताना घेते. आईच्या मंगळसूत्रात कायम दोन असायच्या, बांगडीत एक. परकराची नाडी ओवायला तीच, पदराला तीच, भर लक्ष्मी रोडवर चपलेचा अंगठा तुटला की तीच.

भाच्याच्या लग्नात मुलांना बाराबंद्या घातल्या होत्या. जवळ जाऊन बघितलं तर बंद नुसते शोभेचे, शिवून टाकलेले, आतून वेल्क्रो. चर्र करून उघडतो. हा वेल्क्रो म्हणे स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्रालला सुचला, १९४१ साली. डोंगरातून फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडं चिकटलेली दिसली, ती त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सिंहगड उतरल्यावर आपण मोज्यांतली कुसळं वेचत, शिव्या देत बसतो, आणि मग पिठलं-भाकरी खातो. असो.

आईचा जीव मात्र सुरगाठीवर. पिशवीच्या तोंडाला, पापडांच्या डब्यावरच्या फडक्याला, सगळीकडे सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटली. कुणी निरगाठ मारली की चिडायची. "परत उघडायचंय ना? मग एवढी आवळलीत कशाला?" पुड्याचा दोरा ती कधी कापायची नाही. सुईने गाठ सोडवून रिळाला गुंडाळून ठेवायची.

ती आता पंच्याऐंशीची आहे. गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये घसरली. आतून कडी. भाऊ बाहेरून खांद्याने धडका देत होता, आणि ती आत फरशीवर पडल्या पडल्या सांगत होती, "मोडू नका रे, दार नवं आहे." हाड वाचलं. संध्याकाळी भावाने ती कडी काढून टाकली, कोयंड्यासकट. चौकटीवर भोकं राहिली, त्यांत मी पुट्टी भरली.

"म्हणजे मी आता लोटलेल्या दाराआड अंघोळ करायची?"

"अगं, घरात आपणच तर असतो," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. तेव्हापासून अंघोळीला गेली की आतून दाराला बादली लावते, काठोकाठ भरून. दार ढकललं तर हलू नये म्हणून. भाऊ म्हणतो, याच बादलीला अडखळून ती परत पडेल. त्याचं बरोबर आहे. मी रोज ठरवते की आज ती बादली उचलून बाल्कनीत ठेवायची, आणि रोज तिच्याआधी जाऊन नळाखाली ठेवून येते.