वहीतला पौंडांचा रकाना

नाशिक रोड, रविवार, १४ डिसेंबर २०२५

आज सकाळी नऊ वाजून गेले तरी अंगणात ऊन आले नव्हते. निफाडकडे पारा उतरला की इकडेही हात गारठतात, तरी मी शाल गुंडाळून वही घेऊन बाहेरच बसलो, कारण काल रात्री पूर्ण झालेला हिशेब पुन्हा एकदा शांतपणे तपासायचा होता. मुलगा, सूनबाई आणि नात या तिघांना ब्रिटनमध्ये कायमचे राहता यावे आणि पुढे तिथले नागरिकत्व मिळावे, यासाठी तिथल्या सरकारला भरायची फी एकूण १०,७४२ पौंड होते. पौंडाला १२० रुपये धरले तर ही रक्कम १२ लाख ८९ हजारांवर जाते. वकील, परीक्षा, कागदपत्रांच्या प्रती यांपैकी काहीही यात धरलेले नाही. ही नुसती अर्जांची फी आहे.

हा आकडा मुलाने आम्हाला कधी सांगितला नव्हता. गेली दोन वर्षे तो दिवाळीला आला नाही, आणि रजा मिळत नाही असे कारण दर वेळी देत राहिला. ते मी मुकाट्याने ऐकून घेतले, पण मनातून दुखावलो होतो हे आज कबूल करतो. खरे कारण महिन्यापूर्वी सूनबाईने सासूला फोनवर सांगितले. तिघांच्या विमानाच्या तिकिटांचे पैसे ते या फीसाठी बाजूला टाकत होते. त्या रात्री ही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलाला फोन लावला आणि म्हणालो, "मला सगळे आकडे पाठव, एकही लपवू नकोस." तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला उगाच घोर लावायचा नव्हता." मी त्याला सांगितले की आकडा माहीत नसण्याचाच घोर मोठा असतो.

मी चौतीस वर्षे प्रेसमध्ये काढली. नाशिक रोडला प्रेस म्हटले की दुसरे काही सांगावे लागत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्येच देशाच्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका छापल्या जातात, आणि माझ्या नोकरीची शेवटची वर्षे त्या पुस्तिका मोजून घेण्यात आणि मोजून देण्यात गेली. एक पुस्तिका जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. छापलेल्या प्रत्येक वस्तूला कागद, शाई, श्रम आणि वाया गेलेला माल यांचा हिशेब असतो, हे माझ्या हाडीमासी भिनलेले आहे. म्हणून फी हा शब्द ऐकला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की या कामाला सरकारला प्रत्यक्ष खर्च किती येतो.

ब्रिटनपुरते या प्रश्नाचे उत्तर तिथल्याच न्यायालयात नोंदले गेले आहे. तिथे लहान मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करण्याची फी १,०१२ पौंड होती तेव्हा प्रत्यक्ष कामाचा खर्च ३७२ पौंड होता. ही फी ठरवताना मुलांच्या हिताचा विचार केला नाही म्हणून उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि अपील न्यायालयाने २०२१ मध्ये सरकारला दोष दिला. खर्चापेक्षा जास्त फी घेणेच बेकायदा आहे, हा दुसरा मुद्दा मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, कारण अर्जदाराला होणारा लाभ पाहून फी ठरवण्याची मुभा संसदेनेच २०१४ च्या कायद्याने दिलेली होती. त्याच वर्षी जूनपासून ज्या कुटुंबांना ही फी खरोखर परवडत नाही त्यांच्या मुलांसाठी माफीची सोय झाली, ही त्या लढ्याची खरी कमाई आहे. मोठ्या माणसाच्या नागरिकत्वाच्या अर्जाला मात्र अशी माफी नाही.

वहीत मी तीन रकाने आखले आहेत: तो गेला तेव्हाची फी, मधली वाढ आणि आजची फी. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा कायम वास्तव्याच्या परवान्याची फी माणशी २,३८९ पौंड होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती २,८८५ झाली आणि ९ एप्रिल २०२५ पासून ३,०२९ आहे. नागरिकत्वाच्या अर्जाला शपथेच्या समारंभाच्या शुल्कासह तेव्हा १,३३० पौंड पडत, आज १,७३५ पडतात. पोराने पाच वर्षांचा बेत आखून बचत सुरू केली, आणि तो जसजसा जवळ जात गेला तसतशी ती रक्कम पुढे सरकत गेली. हे पैसे हप्त्याने भरता येत नाहीत, अर्जासोबत सगळे एकदम द्यावे लागतात, आणि अर्ज नामंजूर झाला तर ही फी परत मिळत नाही.

सर्वांत मोठा फटका आरोग्य अधिभाराचा, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयांसाठी व्हिसावर राहणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या रकमेचा, बसला. व्हिसासोबतच पुढील सर्व वर्षांचा हा अधिभार आगाऊ भरावा लागतो. २०१५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता, मुलगा गेला तेव्हा ६२४ होता, आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ झाला. मुलाचा व्हिसा एप्रिल २०२४ मध्ये संपणार होता, त्यामुळे मुदतवाढीचा अर्ज जानेवारीत करता आला असता, पण ज्या कंपनीत तो काम करतो तिच्याकडून लागणारे प्रमाणपत्र फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हाती आले. दोन आठवड्यांच्या त्या उशिराने नवराबायकोचे दोन वर्षांचे मिळून १,६४४ पौंड जास्त गेले. ज्या दिवशी अर्ज भरून पैसे भरले जातात त्या दिवसाचा दर लागू होतो, निर्णयाच्या दिवसाचा नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक असते तर मुलाने त्या कागदासाठी डिसेंबरपासूनच तगादा लावला असता. तो पगारावर कर भरतो, विम्याची वर्गणीही त्याच्या पगारातून कापली जाते, आणि त्याच रुग्णालयांसाठी हा अधिभार पुन्हा वेगळा भरतो. जुलै २०२३ मध्ये तिथले तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी उघडच सांगितले होते की डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांच्या पगारवाढीचे पैसे उभे करण्यासाठी व्हिसाची फी आणि हा अधिभार वाढवला जाईल. त्या पगारवाढीला माझा विरोध नाही, पण तिचा भार अर्जाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

प्रेसमधल्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी अमेरिकेत असते, तिच्याकडून तिथली माहिती कळली. १ एप्रिल २०२४ पासून तिथे नागरिकत्वाचा अर्ज संगणकावरून केला तर ७१० डॉलर आणि कागदावर केला तर ७६० डॉलर लागतात, पण कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ३८० डॉलरचा सवलतीचा दर आहे. एच-वन-बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर यंदा सप्टेंबरमध्ये लावलेल्या एक लाख डॉलरची गोष्ट वेगळीच आहे, आणि तिने आपल्या इथल्या कितीतरी घरांची झोप उडवली आहे.

नातीचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तिथे लेखणी अडते. ती तिथेच जन्मली, पण १९८३ पासून ब्रिटनच्या भूमीवर जन्मल्याने कोणी आपोआप ब्रिटिश होत नाही. आई किंवा वडिलांपैकी एक जण तिथला नागरिक अथवा कायमचा रहिवासी असावा लागतो. म्हणून तिच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत करून तिचा भारतीय पासपोर्ट काढला. मागे ती आली होती तेव्हा ती निळी पुस्तिका मी हातात घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला, सवयीने पाने मोजली आणि आतली छपाई उजेडात धरून पाहिली. तिच्या फोटोत डोळे अर्धवट मिटलेले आहेत. ती पुस्तिका इथून दीड किलोमीटरवर छापलेली आहे. आपला देश दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, तेव्हा ती तिथली नागरिक झाली की ही पुस्तिका परत करावी लागेल. मी त्याला तयार आहे. पोरगी जिथे शाळेत जाणार आहे तिथे तिला उपरे वाटू नये, एवढेच मला हवे आहे.

पण इथेच सूनबाईने मोठे काम केले. मुलाने तिघांच्याही कायम वास्तव्याचे पैसे धरले होते. सूनबाईने रात्री जागून नियम वाचले आणि तिच्या लक्षात आले की तिथे जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एकाला कायम वास्तव्य मिळाले की त्या मुलाची थेट नागरिक म्हणून नोंदणी करता येते, आणि तिची फी १,२१४ पौंड आहे. म्हणजे नातीसाठी ३,०२९ पौंडांची मधली पायरी लागतच नाही. आधी या दोघांचे अर्ज, मग तिचा. साडेतीन लाखांहून अधिक रुपये एका वाचनाने वाचले. निर्णय लवकर मिळावा म्हणून माणशी आणखी १,००० पौंड भरण्याचा मुलाचा विचार होता, तोही मी सोडायला लावला. मुदतीत केलेल्या अर्जाचा निर्णय येईपर्यंत तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क अबाधित राहतो. काही महिने प्रवास केला नाही तर बिघडत नाही. आम्ही दोन दिवाळ्या थांबलो आहोत, आणखी थांबू.

मे महिन्यात तिथल्या सरकारने कायम वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षे लावण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हापासून मुलाच्या आवाजातला ताण मला ऐकू येतो. पाच वर्षे पूर्ण होण्याच्या २८ दिवस आधी अर्ज करता येतो. ती तारीख मी वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहे आणि त्या दिवशी सगळे पैसे त्याच्या खात्यात तयार असले पाहिजेत, असे आम्ही ठरवले आहे.

दोघांच्या अर्जांचे ६,०५८ पौंड, म्हणजे सव्वासात लाखांहून थोडे अधिक. त्यांच्याजवळ निम्म्याच्या जवळपास जमले आहेत. ग्रॅच्युइटीची चार लाखांची मुदतठेव मी मोडायचे ठरवले, तेव्हा ही एका शब्दाने आडवी आली नाही. मुलगा मात्र तासभर नको नको म्हणत होता. आपल्याकडे पौंडात कमावणाऱ्याने घरी पैसे पाठवायचे असतात, घरून घ्यायचे नसतात, अशी समजूत आहे आणि त्या लाजेपोटीच त्याने दोन वर्षे खोटे कारण सांगितले. मी त्याला म्हणालो की बारावीनंतर तुझ्या कॉलेजची फी मी भरली तेव्हा तुला लाज वाटली नाही, ही पण फीच आहे.

शुक्रवारी बँकेत जाऊन आलो. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पैसे पाठवता येतात, आणि वर्षभरात दहा लाखांपर्यंत त्यावर आगाऊ कर कापला जात नाही. त्यासाठी लागणारा ए-२ नावाचा अर्ज भरून दिला, पण मुलाच्या पासपोर्टची प्रत मी नेली नव्हती, म्हणून उद्या पुन्हा बोलावले आहे. प्रत आता काढून आणली आहे. ती, पॅन कार्ड आणि ठेवीची पावती कापडी पिशवीत घालून पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली आहे.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. नात बागेतून परत आली होती आणि मोजे काढायला तयार नव्हती. मुलाने स्वतःहून सांगितले की पुढच्या दिवाळीची रजा त्याने आजच लिहून दिली आहे.