रोटोरुआ: ज्वालामुखीच्या राखेवरून सायकल

रात्रभर पाऊस कोसळला तर दुसऱ्या दिवशी डोंगरात सायकल न्यावी का? बहुतेक ठिकाणी उत्तर सरळ असतं: नको. चिखल होतो, टायर रुततो, शिवाय वाटेची वाट लागते ती वेगळीच. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रोटोरुआला मात्र पाऊस उघडल्यावर थोड्याच वेळात आम्ही फाकारेवारेवाच्या जंगलात शिरलो, आणि चाकाखाली दबणारी, घट्ट पकड देणारी ओलसर माती होती. चिखल फक्त लाकूडतोडीच्या ट्रकांनी मळलेल्या रस्त्यांवर. जगभरचे सायकलवाले इथे का येतात, याची कारणं लोक बरीच सांगतात. माझ्या मते पहिलं कारण ही माती.

रोटोरुआ शहर ज्या तळ्याकाठी वसलंय, तो खळगाच मुळात ज्वालामुखीचा. सुमारे 2,40,000 वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, खालचा शिलारस बाहेर पडला आणि वरची जमीन खचली. तळ्याच्या मधोमध दिसणारं मोकोइया बेट म्हणजे नंतर वर आलेल्या लाव्ह्याचा घुमट. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण त्याचा लाव्हा पातळ, बेसाल्टचा. तो थरावर थर पसरत गेला आणि त्याचा काळा कातळ झाला. इथला रायोलाइट जातीचा लाव्हा चिकट आणि वायूंनी गच्च भरलेला, त्यामुळे तो वाहण्याऐवजी फुटतो. त्यातून राख पडते आणि प्युमिस, म्हणजे पाण्यावर तरंगेल इतका सच्छिद्र, हलका दगड. सुमारे 1800 वर्षांपूर्वी दक्षिणेला टाउपोचा उद्रेक झाला, त्याने बेटाच्या मध्यभागावर असा प्युमिस अंथरला. या थरांतून पाणी झिरपून जातं, साचून राहत नाही. म्हणून इथे बाराही महिने सायकल चालते.

याची दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. डिसेंबर ते फेब्रुवारीत चार-आठ दिवस पाऊस नसला की वरचा थर सुटा होतो. वळणावर पुढचं चाक हलकेच घसरायला लागतं आणि मागून येणाऱ्याला धुळीमुळे वाट दिसत नाही. अशा वेळी ब्रेक वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यातच दाबून घ्यायचा आणि वळणात सोडून द्यायचा. मागचं चाक जाम करून घसरत जाणं अजिबात नको. घट्ट दाबलेला थर एकदा उखडला की तिथे घळ पडते, आणि ती बुजवायला कोणालातरी फावडं घेऊन यावं लागतं. शक्य असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा. उन्हाळा ओसरलेला असतो आणि मातीत ओल परतायला लागलेली असते.

राख आणि प्युमिस म्हणजे शेवटी बारीक काचच. सॅन्डपेपरसारखं काम करते ती. ओल्यात चालवलं की ब्रेक पॅड भराभर झिजतात आणि साखळी करकरते. पॅडचा एक जादा जोड आणि साखळीचं तेल बरोबर ठेवाच. राइड संपल्यावर सायकल धुवा, पण पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर सरळ मारू नका.

आता जंगलाविषयी. सुरुवात शहराच्या दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर असलेल्या वाइपाच्या पार्किंगपासून करावी. सायकल भाड्याने देणारे, कॉफी, नकाशे, सायकल धुण्याची सोय सगळं तिथेच आहे. दुसरं मोठं प्रवेशद्वार रेडवुडच्या बाजूला. 1901 साली लावलेले ते कॅलिफोर्नियाचे रेडवुड बघायलाच हवेत, पण तो भाग प्रामुख्याने पायी फिरणाऱ्यांचा. चालणाऱ्यांच्या आणि सायकलच्या वाटा वेगळ्या ठेवलेल्या आहेत आणि तो नियम लोक पाळतात, आपणही पाळावा. जंगलात शिरायला तिकीट नाही. सायकलच्या वाटांची एकूण लांबी दीडशे किलोमीटरहून जास्त भरते. 2006 साली माउंटन बाइकिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच शहरात झाली आणि 2015 पासून क्रँकवर्क्स हा माउंटन बाइकिंगचा महोत्सव इथे भरतो. महोत्सवाच्या दिवसांत राहायला जागा मिळणं अवघड, म्हणून तारखा आधी बघून घ्या.

न्यूझीलंडमध्ये ट्रेलना, म्हणजे सायकलच्या वाटांना, 1 (सगळ्यात सोपी) ते 6 (सगळ्यात अवघड) अशा श्रेण्या दिलेल्या असतात. आपण घरी जे चालवतो त्यापेक्षा एक श्रेणी खालून सुरुवात करावी, असं मी आग्रहाने सांगेन. वाइपाजवळच्या टाही आणि डिपर या वाटांवर तासभर काढला की मातीचा अंदाज येतो, बर्मवर, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला चढवलेल्या मातीच्या उतरत्या भिंतीवर, किती झुकता येतं ते कळतं. बहुतेक वाटा एकदिशा आहेत, त्यामुळे समोरून कोणी येण्याची धास्ती नसते. एवढ्या एका गोष्टीने मन किती मोकळं होतं, ते चालवल्याशिवाय समजणार नाही.

ज्यांना तांत्रिक वाटांमध्ये रस नाही, किंवा घरची मंडळी बरोबर आहेत, त्यांच्यासाठी जंगलाला वळसा घालणारा 33 किलोमीटरचा फॉरेस्ट लूप आहे. चढ आहेत, पण रस्ता रुंद आणि सुरक्षित. टिकिटापू तळ्याच्या अंगाला थांबून पाण्यात उतरता येतं. या तळ्याच्या निळ्या रंगामागेही तळाचा पांढरा प्युमिस आणि रायोलाइटच आहे. शेजारचं हिरवट रोटोकाकाही तळं माओरी लोकांच्या मालकीचं आणि त्यांच्यासाठी पवित्र आहे. तिथे पोहायचं नाही, होडी घालायची नाही. लांबून बघावं आणि पुढे निघावं.

वर चढायला शटल बस मिळते, मागच्या ट्रेलरवर सायकली लादून ती तुम्हाला डोंगरावर सोडते. मी दोन्ही करून पाहिलं. शटलने उतार जास्त मिळतात हे खरं, पण ‘ते तिही ओ तावा’ या वाटेने स्थानिक झाडीतून स्वतःच्या पायांनी चढलं की जंगल कळतं. बाहेर लागवडीचे पाइन रांगेत उभे, आणि आत शिरताच प्रकाश बदलतो, डोक्यावर वृक्ष-नेच्यांच्या छत्र्या येतात. तिथून पुढे स्प्लिट एन्झचा उतार लागतो. एकामागून एक वळणं, ब्रेकला क्वचितच हात. दिवसभरात एकच वाट निवडायची झाली तर मी हीच निवडेन. कॉरिडॉर या उताराची ख्याती मोठी आहे आणि मोठ्या उड्या आवडणाऱ्यांना तो आवडेलही. मला तो यंत्राने आखल्यासारखा वाटला, मजा लवकर ओसरली.

तुहोतो आरिकी या वाटेविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं. 10 जून 1886 च्या रात्री तारावेरा डोंगर फुटला. गरम झऱ्यांच्या क्षारांतून तयार झालेल्या जगप्रसिद्ध गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या नाहीशा झाल्या, ते वाइरोआ हे गाव चिखल-राखेखाली गाडलं गेलं आणि सुमारे 120 माणसं दगावली. त्या गावातला वृद्ध तोहुंगा, म्हणजे माओरींचा धर्मज्ञ, तुहोतो आरिकी चार दिवसांनी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. नंतर काही दिवसांनी तो वारला. त्याच्या नावाची ही वाट पाचव्या श्रेणीची आहे आणि तिथे वर सांगितलेलं सगळं मातीचं गणित उलटं होतं. झाडी दाट, ऊन खाली पोचत नाही आणि वाटभर मुळांचं जाळं. पाणी मातीत मुरतं, पण मुळांवरचा ओलावा तसाच राहतो. मुळांवर तिरकं चाक गेलं की सायकल बाजूला फेकली जाते. मुळं काटकोनात ओलांडायची, त्यांच्यावर असताना ना ब्रेक ना वळण, नजर लांब. पाऊस पडून गेल्यावर बाकीचं जंगल खुशाल चालवा, ही वाट मात्र वाळू द्या.

जंगलापलीकडे जायचं असेल तर माउंगाकाकारामिया, म्हणजे रेनबो माउंटन, चुकवू नका. 743 मीटरचा हा डोंगर आतून अजून गरम आहे. कड्यांवर लाल, पिवळी, पांढरी माती आणि मधूनच वाफेचे झोत. माथ्यावरून तारावेराची फुटलेली कड समोर दिसते. आखलेली वाट सोडून वाफेच्या दिशेने पाऊल टाकू नका. वरून घट्ट दिसणारी जमीन खाली पोकळ आणि उकळती असू शकते. जवळच्या नैसर्गिक गरम पाण्याच्या ओढ्यांत पाय शेकायला हरकत नाही, पण डोकं पाण्याखाली घालायचं नाही आणि नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. त्यात असणाऱ्या अमीबामुळे मेंदूचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, तशा पाट्याही असतात. शहरभर गंधकाचा वास असतो, त्याची दोन दिवसांत सवय होते. चांदीचे दागिने मात्र नेऊ नका, काळे पडतात.

स्वतःची सायकल नेणार असाल तर विमानतळावरच्या जैवसुरक्षा तपासणीची तयारी करा. वापरलेली सायकल, बूट, हेल्मेट हे सगळं अर्जावर जाहीर करावं लागतं. टायरच्या खाचांत किंवा बुटाच्या तळव्यात मातीचा कण राहता कामा नये, मी जुना टूथब्रश घेऊन बसलो होतो. धोक्याची वस्तू जाहीर केली नाही तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. थोडेच दिवस जाणार असाल तर भाड्याची फुल सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकांना धक्के झेलणारी, सायकल घेणं जास्त सोयीचं. पुढचा ब्रेक तिथेही आपल्यासारखाच उजव्या हाताला असतो, तरी निघण्याआधी एकदा दाबून खात्री करा. हवेचा दाब आपल्या वजनाप्रमाणे कमी करून घ्या. दुकानातून टायर बहुधा कडक भरून मिळतात, आणि मुळांवर ते उसळतात.

रस्त्यावर हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. अपघातात इजा झाली तर पर्यटकांनाही तिथल्या सरकारी अपघात योजनेतून उपचारांना मदत मिळते, पण परतीचं तिकीट वाया गेलं किंवा सायकल मोडली तर त्याची भरपाई त्यात नाही. प्रवास विमा काढा, आणि त्यात माउंटन बाइकिंग धरलेलं आहे का ते वाचून घ्या, कारण अनेक पॉलिसींत ते वगळलेलं असतं. आणीबाणीचा नंबर 111. जंगलात वाटा एकमेकींना सारख्या छेदतात, म्हणून मदत मागताना ठिकाण सांगता यावं यासाठी प्रत्येक फाट्यावरच्या पाटीचं नाव लक्षात ठेवा आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. सकाळी निघण्याआधी बंद वाटांची यादी बघायला विसरू नका. हे लागवडीचं जंगल आहे, तोड सुरू झाली की वाटांचे अख्खे गट बंद होतात. अडथळा लावलेला दिसला, की पलीकडे कोणी दिसत नसलं तरी मागे फिरायचं.