आमची वाटचाल : आधी नाव, मग सिलिंडर

मसाले, लोणची, पापड करणाऱ्या लहान उद्योजकांसाठी पाउच आणि लेबलं छापणं हे आमचं मूळ काम. नावं तपासायचं काम मागाहून आलं, तेही सिलिंडरमुळे. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा धातूचा रूळ, कोरावा लागतो. सहा रंगांचा पाउच म्हणजे सहा सिलिंडर. नाव बदललं की ज्या ज्या रंगात ते आहे ते सगळे सिलिंडर नव्याने करायचे, आणि गोदामातला छापील रोल रद्दीत. म्हणून डिझाइनला हात लावण्याआधी आम्ही नाव तपासतो.

बहुतेक जण 'गावरान', 'घरगुती', 'कोल्हापुरी' असलं काहीतरी ठरवून येतात. गिऱ्हाइकाला ते लगेच कळतं, हे खरं. पण मालाचा गुण किंवा गाव सांगणारा नुसता शब्द ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली नोंदणीत सहसा अडतो, आणि मग शेजारच्याने तेच नाव लावलं तरी त्याला रोखणं कठीण. 'अस्सल', 'शुद्ध', 'पारंपरिक' यांची गोष्ट आणखी वेगळी. ब्रँडच्या नावातल्या अशा शब्दाने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार 'हे केवळ ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे' अशा अर्थाची सूचना किमान ३ मिलिमीटरच्या अक्षरांत द्यावी लागते. ५० ग्रॅमच्या पाउचवर जागेची आधीच मारामार, त्यात आपल्याच नावाला खोटं पाडणारी ओळ छापायची!

देवाधर्माच्या नावांबाबत 'रामायण' अगरबत्तीचा खटला लक्षात ठेवावा. धर्मग्रंथाच्या नुसत्या नावावर कोणा एकाला हक्क सांगता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. आडनाव चालतं, पण वाटण्या झाल्या की दोन्ही भावांना तेच हवं असतं. नाव कोणाकडे राहणार, हे भागीदारीच्या करारातच लिहून टाकावं.

ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध घ्यायला पैसे पडत नाहीत. नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते : मसाले आणि पापड ३० व्या वर्गात, लोणची २९ व्या, सरबतं ३२ व्या. हुबेहूब नाव सापडलं नाही म्हणून थांबू नये. 'स्वाद' घ्यायचं असेल तर रोमनमध्ये डब्ल्यू घालून, व्ही घालून, एक ए, दोन ए, सगळं टाकून पाहावं; ध्वनिसाम्याचा शोधही घ्यावा. कानाला सारखं लागणारं नाव अडतं, तिथे लोगो वेगळा असून भागत नाही. अर्ज टीएम-ए नमुन्यात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००; लघुउद्योगाने उद्यम प्रमाणपत्र जोडायचं. अर्ज तपासून नोंदणी कार्यालय परीक्षण अहवाल देतं; त्यात हरकत आली तर ३० दिवसांत उत्तर द्यायचं. पुढे ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी झाली की चार महिने कोणीही विरोध करू शकतो. गोलातला आर लेबलवर येतो तो नोंदणी झाल्यावरच, तोवर टीएम. आणि हो, जीएसटी, गुमास्ता किंवा कंपनी निबंधकाकडची नोंद असली म्हणजे ब्रँड आपला झाला, असं नाही.

एवढ्यातून तरलेलं नाव छपाईत मार खाऊ शकतं. गडद रंगावर पांढरी अक्षरं सोडली की 'ष्ट', 'द्ध', 'क्ष' यांच्या पोटात शाई भरते. रंग जरासे सरकले की रफार आणि अनुस्वार गिळले जातात. म्हणून नाव आम्ही सगळ्यात लहान पाउचवर खऱ्या मापात छापतो आणि हात लांब करून वाचायला लावतो. दुसरी परीक्षा फोनवरची : नाव एकदाच सांगायचं आणि पलीकडच्याला ते रोमनमध्ये लिहायला लावायचं. 'ळ' आणि 'ज्ञ' इथे हमखास घसरतात. मग डोमेन एका स्पेलिंगचं, गिऱ्हाईक शोधतंय दुसऱ्याच.

पहिला माल साध्या पाउचवर डिजिटल स्टिकर लावून काढावा. नग महाग पडतो, पण नाव अडलंच तर थोडे स्टिकर जातात, बस्स. सिलिंडरची ऑर्डर आम्ही परीक्षण अहवाल पाहूनच घेतो. तेवढं थांबायची तयारी नसलेली पार्टी दुसऱ्या छापखान्यात जाते, आणि आम्ही जाऊ देतो.