एकोणीस पिवळ्या कड्या

मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या दिवसा मोजता येत नाहीत. सव्वाशे पक्ष्यांतले दहा शेणखताच्या ढिगावर, चार बांधावर, बाकीचे कुठं ते त्यांनाच ठाऊक. मोजदाद दिवेलागणीला. उजेड उतरला की त्या आपण होऊन खुराड्यात शिरतात, दांडीवर ओळीनं बसतात, आणि अंधारात जवळजवळ काहीच दिसत नसल्यानं हात लावला तरी हलत नाहीत. मी बॅटरी पायांवर मारते. जुन्यांच्या पायात हिरवी प्लास्टिकची कडी, जूनमध्ये आणलेल्यांच्या पायात पिवळी. त्यामुळं किती गेल्या एवढंच नाही, कुठल्या गेल्या हेही कळतं.

जानेवारीत पिवळ्या कमी व्हायला लागल्या. पाच आठवड्यांत १९. नुकत्या अंड्यावर आलेल्या. गावरान अंडं १५ रुपयांना जातं; पुढचा हिशेब मी रात्री करत नाही, झोप जाते.

गावाचा निकाल तयारच होता. शिराळ्याच्या या अंगाला हल्ली चप्पल हरवली तरी बिबट्यानं नेली म्हणतात. चांदोलीचं जंगल फार लांब नाही, उसात बिबट्या असतो, हे खरं. पण सव्वाशे कोंबड्यांचं खुराडं सोडून दिवसाआड फक्त एक पिवळी नेणारा बिबट्या मला काही पटेना. ओळखीच्या वनरक्षकाला फोन केला. "ताई, शेळी असती तर पंचनाम्याला आलो असतो." म्हणजे कोंबडी जनावरात मोडत नाही. सापाचं नाव मात्र कुणी काढलं नाही. नागपंचमीच्या गावाकडची माणसं आम्ही, वाढलेली कोंबडी नागाच्या घशात जात नाही हे शेंबडं पोरही सांगेल.

आधी मी जाळी बदलली. दुकानदारानं मागं गळ्यात मारलेली षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. ती काढून अर्धा इंची वेल्डमेश ठोकली, खालची एक फूट जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे उकरणाऱ्याची नखं तारेलाच लागावीत. काम झकास झालं, आजही दाखवते लोकांना. आणि कोंबड्या जातच राहिल्या.

भाऊकीतले तात्या रान फिरलेले. ते म्हणाले, "पिसं बघ आधी. शिकारी पाखरानं उपटलेलं असलं तर दांडी टोकापर्यंत शाबूत. दातानं तोडलेलं असलं तर दांडी चावलेली. कुत्रं असतं तर दहा मारून तिथंच टाकली असती, खाल्ली एकबी नसती." मी बांधन्‌बांध फिरले. पिसं नव्हतीच. एकसुद्धा नाही.

"वैनी, पिसं पडत न्हाईत म्हंजे हातानं उचलल्याती," दीर म्हणाले. ओढ्यापलीकडं ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. आमच्या शेजारचा उसाचा फड त्यांनीच तोडला होता. कोंबड्या जायला लागल्या त्याच आठवड्यात.

आता लिहायचं ते हे. मी जाळी बदलल्यापासून सकाळी सोडतानाही मोजत होते. रात्रीचा आकडा आणि सकाळचा आकडा रोज जुळत होता. म्हणजे कोंबडी जात होती दिवसा, आणि दिवसा सगळी टोळी दुसऱ्या फडात कोयता चालवत असायची. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होतं हे. तरी मी संध्याकाळी गेले.

चोरी हा शब्द मी काढला नाही. "आमच्या कोंबड्या इकडं येतात का बघायला आले," एवढंच म्हटलं. एक बाई भाकरी थापत होती. तीच बाई लेकरासाठी माझ्याकडून दोन-दोन अंडी न्यायची. तिनं परातीतला हात काढला, पिठाच्याच हातानं पातेल्यावरचं झाकण उचललं. डाळ होती. मग दुसरं पातेलं तिरकं करून दाखवलं, रिकामं. मग कोपीचा ताडपत्रीचा पडदा वर धरला. "बघा ताई. नीट बघा." मी "तसं नाही हो" असं काहीतरी पुटपुटले. झाकणावर तिची चार पांढरी बोटं उमटली होती. ती पुन्हा अंडी न्यायला आली नाही.

फेब्रुवारीअखेर टोळी हलली. मार्चमध्ये पाण्याची पाइप पलीकडं न्यायची म्हणून आम्ही शेतरस्त्याखालची मोरी साफ करायला घेतली. दिरांनी बांबू घातला तर आधी पाचट, म्हणजे उसाची वाळली पानं, आलं, मग ओंजळी-ओंजळीनं पिसं, दांड्या चावलेली. मग पाय. वाळलेले, नखांसकट, आणि त्यांच्यात पिवळ्या कड्या जशाच्या तशा. तोंडाशी चिखलात ठसा होता, लिंबाएवढा, गोल, नखांची खूण नसलेला. तात्यांनी ओणवं होऊन बघितलं आणि म्हणाले, रानमांजर, पिल्लं असणार.

मग सगळं लागलं. ऊस उभा होता तोवर मांजर त्यातल्या उंदीर-घुशींवर जगत होतं. फड तुटला, आडोसा गेला, राहिलं ते पाचट. त्याच पाचटात किडे टिपायला माझ्या तरण्या पिवळ्या धावायच्या. हिरव्या म्हाताऱ्या, त्या अंगण सोडत नाहीत. संध्याकाळी पिवळ्यांच्या गळ्याखालची पिशवी टम्म भरलेली असायची आणि खाद्य वाचलं म्हणून मी खूश. मांजर पाचटाआडून कोंबडी अख्खी उचलून मोरीत न्यायचं, सोलायचं ते तिथंच. म्हणून बाहेर पीस नाही.

आता मी दुपारी चारनंतरच सोडते आणि स्वतः बांधावर बसते. मांजराला हात लावायचा प्रश्न नाही, १९७२ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि खरं सांगायचं तर माझा राग त्याच्यावर नाहीच.

मोरीत कड्या निघाल्या सात. दीर अजून जेवताना म्हणतात, "सात मांजराच्या, मग बारा कुणाच्या?" मी ओढ्याकाठच्या आणखी दोन मोऱ्या उपसल्या, काही निघालं नाही. सात कड्या फडताळात वाटीत ठेवल्यात. टोळीच्या मुकादमाचा नंबर आहे माझ्याकडं, साखर कारखान्याच्या स्लीपबॉयनं दिलेला. दोनदा काढला. लावून त्या बाईला निरोप काय द्यायचा? सात सापडल्या, असा?