हिसका
मुंबईची ट्राम १९६४ साली बंद पडली आणि माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे ट्राम मी प्रथम पाहिली ती अमेरिकेतल्या वर्कशॉपमध्ये, तीही गाडीखाली वाकून. तिथे विद्युत विभागात काम करत असताना एके दिवशी १९४६ साली बांधलेली एक पीसीसी ट्राम दुरुस्तीला आली. चालकाने तक्रारवहीत एवढेच लिहिले होते : ‘वेग घेताना हिसका बसतो.’

मोटारींपुढे प्रवासी गमावू लागलेल्या ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी १९२९ साली एकत्र येऊन समिती नेमली (‘प्रेसिडेंट्स कॉन्फरन्स कमिटी’, म्हणजेच पीसीसी) आणि तिने घडवलेली ही गाडी १९३६ पासून ब्रुकलिनमध्ये धावू लागली. अंगाला धक्का न देता झटकन वेग घेणे हीच तिची ख्याती असल्यामुळे हिसका म्हणजे तिच्या अब्रूचाच प्रश्न. पेडल दाबले की ॲक्सलरेटरमधला, म्हणजे मोटरींना मिळणारी वीज टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या यंत्रातला, रोलर गोलाकार फिरतो आणि बोटांसारख्या संपर्कपट्ट्या एकेक करून दाबत, ९९ टप्प्यांत रेझिस्टन्स (विजेच्या वाटेतला अडथळा) कमी करत नेतो.

मी ट्रामच्या विद्युत मोटरींवर संशय घेतला आणि त्यांचे कार्बन ब्रश तपासण्यात अर्धा दिवस घालवला. निवृत्तीला आलेल्या आमच्या फिटरने मीटरला हातही लावला नाही. ६०० व्होल्टचा पुरवठा तोडल्याची स्वतः खात्री करून त्याने रोलर हाताने सावकाश फिरवला आणि टॉर्चच्या उजेडात सलग चार पट्ट्या दाखवल्या : टोके काळवंडलेली, स्प्रिंग मेलेली. तिथे पोहोचल्यावर वीज अडत होती आणि पुढच्या पट्टीवर एकदम उसळत होती.

सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. जुन्या पट्टीचे माप घेऊन आम्ही नव्या पट्ट्या कापल्या, कानशीने घासल्या आणि बसवल्या. बॉस्टनच्या मॅटापॅन मार्गावर आणि सॅन फ्रान्सिस्कोत १९९५ साली सुरू झालेल्या एफ मार्गावर पीसीसी आजही रोजच्या प्रवाशांना नेतात ते, माझ्या मते, हौसेइतकेच या कानशीमुळे. सॅन फ्रान्सिस्कोत पीसीसीच्या जागी १९७०च्या दशकात बांधून आणलेल्या गाड्या मात्र केव्हाच निवृत्त झाल्या.

संध्याकाळी यार्डात गाडी तीनदा पळवली, हिसका बसला नाही. काढलेल्या चारांपैकी सर्वांत कमी जळालेली पट्टी फिटरने नमुना म्हणून खणात ठेवली. तिथे आधीच दोन होत्या.