आमची वाटचाल : कोल्हापुरात टीबीची परवडणारी तपासणी

शाहूपुरीत लॅब टाकली तेव्हा टीबीसाठी आमच्याकडे एक मायक्रोस्कोप आणि स्लाइड रंगवायच्या बाटल्या, एवढंच होतं. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असले तरच ते मायक्रोस्कोपखाली सापडतात. सापडले तरी औषधाला दाद देणारे आहेत की नाहीत, हे त्यातून कळत नाही. त्या काळात रक्तावरच्या टीबी टेस्टचा धंदा जोरात होता. तिचा निकाल भरवशाचा नव्हता, म्हणून आम्ही ती ठेवत नव्हतो, आणि त्यामुळे काही डॉक्टरांनी पेशंट पाठवणंच बंद केलं. जून 2012 मध्ये केंद्र सरकारने त्या टेस्टवर बंदी घातली, तेव्हा आम्हाला काही बदलावं लागलं नाही.

अडचण होती ती औषधाला न जुमानणाऱ्या टीबीची. कल्चर करून, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून, औषधांची परीक्षा घ्यायची म्हणजे महिना-दोन महिने जायचे. तोवर पेशंट नेहमीच्या गोळ्या खात राहतो, त्या लागू पडत नाहीत आणि घरातली पोरंबाळं त्याच खोलीत झोपतात. जंतूचा डीएनए तपासणाऱ्या सीबीनॅट मशीनने हे काम दोन तासांवर आणलं. पण ते मशीन घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून सॅम्पल बाहेर पाठवायचो.

2020 मध्ये कोरोनासाठी ट्रूनॅट घेतलं, तेही डीएनए-आरएनए तपासणारंच. शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं मशीन, बॅटरीवर चालणारं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ते टीबीसाठी मान्य केलं. कोरोना ओसरल्यावर आम्ही त्यावर टीबीच लावला. आधी टीबीची चिप, म्हणजे एकदाच वापरायची तपासणीची पट्टी, चालवायची. जंतू सापडले तरच दुसरी, रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला ते दाद देतात का हे बघणारी. त्यासाठी पुन्हा सॅम्पल लागत नाही, पहिल्याच वेळी काढलेला डीएनए चालतो. दुसऱ्या चिपचा खर्च ज्याला गरज आहे त्याच्यावरच पडतो.

तरी आमचा दर कमी राहतो तो यामुळेच, असं नाही. आम्ही या तपासणीवर कट देत नाही, हे पहिलं कारण. पेशंटच्या बिलातला किती भाग चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे जातो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सुरुवातीला त्याची झळ बसली. नंतर गारगोटी, चंदगडकडचे काही डॉक्टर फक्त दर आणि वेळेवर मिळणारा रिपोर्ट बघून सॅम्पल पाठवू लागले.

दुसरं कारण बेडका. बाटलीत लाळ आली की चिप फुकट जाते, आणि त्याचा भुर्दंड शेवटी दरावरच बसतो. म्हणून आमची काउंटरवरची ताई बाटली देऊन मोकळी होत नाही. "मावशी, थुंकी नको. चूळ भरा, दोन-तीनदा लांब श्वास घ्या, मग छातीतनं खोकून काढा. घट्ट आलं पाहिजे." बाहेर उघड्यावर, वारा असेल तिथे उभं करते. बाटली उजेडात धरून बघते, पातळ असेल तर पुन्हा पाठवते. शिरोलीच्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाला, असणाऱ्यांना ती आणखी खोदून विचारते. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि सिलिकोसिस झालेल्या छातीत टीबीला शिरकाव सोपा. खोकला धुळीचाच म्हणून ही माणसं महिनोन्‌महिने काढतात.

ज्याला आमचाही दर जड वाटतो त्याला सरळ सरकारी दवाखान्यात पाठवतो. तिथे हीच तपासणी मोफत आहे, यात लपवायचं काय? टीबी निघाला की निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद करावीच लागते, 2012 पासून खासगी लॅबलाही ते बंधन आहे. "पोरीचं लग्न ठरतंय, नाव घालू नका ओ," अशी गयावया होते. आम्ही नोंद करतो आणि समजावतो, की नोंद झाली की औषधं फुकट आणि पोषण आहाराचे महिन्याला हजार रुपयेही मिळतात. नोव्हेंबर 2024 च्या आधी ते पाचशे होते.

एक काम अजून आमच्या आवाक्याबाहेर आहे. आम्ही लावतो त्या चिपला फक्त रिफॅम्पिसिनचा प्रतिकार दिसतो. एकट्या आयसोनियाझिडला, टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाला, दाद न देणारा जंतू तिच्या नजरेतून सुटतो, त्याला एलपीए ही वेगळी डीएनए तपासणी लागते. ती सरकारी यंत्रणेतून होते. म्हणून रिपोर्टखाली तशी ओळ छापतो. "पेशंट उगाच घाबरतो," अशी काहींची तक्रार असते, पण ओळ काढलेली नाही. टीबी निघालेल्याची दुसरी बाटली एलपीएसाठी त्याच दिवशी घेऊन फ्रिजमध्ये ठेवतो. चंदगडच्या माणसाला तेवढ्यासाठी परत एसटीचं भाडं पडू नये.