तुम्ही विचारलंत म्हणून: तलावांच्या जिल्ह्यात पोहण्याचा तलाव कशाला?

भंडाऱ्याकडच्या एका गावासाठी पोहण्याच्या केंद्राचा नकाशा करतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "इथं तलाव काय कमी आहेत? पोरं पोहतातच की."

पोहतात, आणि बुडतातही. तलावाचा तळ दिसत नाही. गाळ काढायला जेसीबी लागला की कमरेएवढ्या पाण्याला लागूनच दोन पुरुष खोल खड्डा तयार होतो, वरून पाणी सारखंच दिसतं. शिंगाड्याच्या वेलात पाय अडकतो. शेततळ्याचं प्लास्टिक तर इतकं निसरडं, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दोराशिवाय वर येणं कठीण. शिवाय 'पोरं' म्हणजे मुलगेच. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळं गाव बसलेलं असताना मुली पाण्यात कशा उतरणार? त्यांच्यासाठी आडोसा, कपडे बदलायच्या खोल्या आणि राखीव वेळ नकाशात पहिल्या दिवसापासून आहे.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो तळाच्या उतारावर. सुरुवात दोन फुटांवर, बारा फुटांत एक फुटाहून जास्त उतार नाही, आणि साडेचार फुटांवर तळ सपाट. शिकणाऱ्याला पायाखाली काय आहे ते ठाऊक हवं.

गावाला थीम हवी होती, मलाही. मालगुजारी तलावांहून, म्हणजे इथल्या जुन्या सिंचनाच्या तलावांहून, जवळचं दुसरं काय असणार? गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं हे तलाव बांधले; नवेगावबांध त्यातलाच. म्हणून बसायला पायऱ्यांची पाळ केली. काठावरून सतत सांडणारं पाणी सांडव्यातून गाळणीकडे जातं, कारण तेल, केस, धूळ बहुतेक पाण्याच्या वरच्या थरात असतात. लहानग्यांच्या घोटाभर पाण्याच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, धार पडते. फक्त तळावर कमळं आणि मासे रंगवायला मी ठाम नकार दिला. तळ पांढरा, कोराच हवा. एखादं मूल खाली गेलं तर ते त्याच क्षणी दिसलं पाहिजे. चित्रं भिंतीवर काढा, सारस काढा, हवे तेवढे.

पाण्याचा हिशोबही विचारतात, आणि विचारायलाच हवा. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद तलावात पावणेचार लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. एक एकर धानाच्या बांधीत चार इंच पाणी उभं केलं तर ते याहून थोडं जास्तच भरतं. इथलं पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा तेच वापरायचं. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर उडालं तर तीन हजार लिटर वरून घालावं लागेल. म्हणून अर्ध्या तलावावर छप्पर आहे. गाळणी धुतलेलं पाणी क्लोरीन उडेपर्यंत उघड्यावर ठेवून झाडांना जाईल.

मला खरी काळजी आहे ती जीवरक्षकांच्या पगाराची. बांधकामाला निधी मिळतो, पगाराला दरवर्षी कुठून आणणार? एक बाई आणि एक पुरुष, दोघंही प्रशिक्षित, काठावर उभे नसतील तर फाटकाला कुलूप राहील, असा ठराव ग्रामसभेनं पायाभरणीच्या आधी घ्यावा. नकाशा मी त्यानंतरच सही करून देणार आहे.